क्लाउडने माझा आदेश पाळला

मी आजवर ज्यांना ज्यांना पत्रे लिहिली, त्या सर्वांना पत्ता होता. वीज कार्यालयाला होता, पाणीपुरवठ्याच्या अभियंत्याला होता, आमच्या घरामागे परवानगीशिवाय ध्वनिवर्धक लावणाऱ्या मंगल कार्यालयाच्या चालकालाही होता. पत्ता असला की नोंदणीकृत डाकेने पत्र जाते, पोचपावती येते, आणि पोचपावती आली की समोरच्या इसमास ‘मला ठाऊक नव्हते’ असे म्हणता येत नाही. कायद्याचे राज्य माझ्या मते या पोचपावतीपासून सुरू होते. निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या तीन वर्षांत मात्र माझी गाठ अशा एका व्यवस्थेशी पडली, की जिच्या स्वाधीन आमच्या कारखान्याचे संपूर्ण दफ्तर करण्यात आले, आणि जिला पोस्टाचा पत्ताच नव्हता. तिचे नाव क्लाउड.

क्लाउड म्हणजे काय हे अनभिज्ञ वाचकांस समजेल असे सांगावे आणि लेख शक्यतो हलकाफुलका असावा, असे या अंकाच्या संपादकांनी कळवले आहे. पहिली विनंती मान्य आहे. दुसरीबाबत असे, की जे घडले ते मी नोंदीप्रमाणे मांडणार आहे. त्यात कोणास हसू आले तर माझी हरकत नाही.

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत चादरी व टॉवेल विणणाऱ्या एका कारखान्यात मी दफ्तर अधीक्षक होतो. कागद येणे, त्याची नोंद होणे, तो जागेवर राहणे आणि मुदत संपल्यावर तो नष्ट होणे, या चार गोष्टी माझ्याकडे होत्या. सरकारी कचेऱ्यांत अभिलेखांचे अ, ब, क, ड असे वर्ग करतात. ‘अ’ म्हणजे कायम जतन करावयाचा कागद; ‘ड’ म्हणजे एका वर्षाने नष्ट करावयाचा. मधले दोन वर्ग मधल्या मुदतींचे. ही पद्धत खाजगी कारखान्यास लागू नाही. मी ती लागू केली. मला कोणी सांगितले नव्हते, आणि कोणी मनाईही केली नव्हती.

यातील जतन करण्याचे काम सोपे होते. नष्ट करण्याचे काम अठ्ठावीस वर्षांत एकदाही वेळेवर झाले नाही. मी लेखी आदेश काढी, शिपाई तो आदराने वाची, ‘उद्या करतो की साहेब’ म्हणे, आणि ‘ड’ वर्गाची पोती जिन्याखाली पडून राहत. एका पोत्यात मांजर व्याले होते. त्याबाबतही मी लिहिले होते.

अशा स्थितीत धाकट्या मालकांनी, म्हणजे शिवानंदशेठ यांनी, सारे दफ्तर क्लाउडवर नेण्याचे ठरवले. त्यासाठी शहरातील एका संगणक सेवा संस्थेच्या अभियंता श्रीलताबाई येऊ लागल्या. पस्तिशीच्या बाई, घरची भाषा तेलुगू, वडील विणकर, आणि स्वभाव असा की माझ्या रागाचा त्यांच्यावर यत्किंचितही परिणाम होत नसे.

“साहेब, ढगात काहीच नसतंय,” त्या पहिल्याच दिवशी म्हणाल्या. “दुसऱ्याचा कम्प्युटर, दुसऱ्याच्या शेडमध्ये. आपण तो तारेवरून भाड्यानं वापरायचा. एवढंच की.”

“मग त्यास भाड्याचा संगणक असे का म्हणत नाहीत?”

“तसं म्हटलं तर कोण घेईल?”

उत्तर प्रामाणिक होते, म्हणून मी त्यांना बसावयास सांगितले. पुढे त्यांनी जे समजावले ते आजही माझ्या टिपणवहीत आहे, आणि याहून चांगले स्पष्टीकरण मला कोणत्याही जाहिरातीत आढळलेले नाही.

त्यांच्या घरी चार माग होते. दिवाळीच्या आधी मागणी वाढली की चार माग पुरत नसत. तेव्हा त्यांचे वडील नवे माग विकत घेत नसत. शेजारच्या मोठ्या शेडमधले माग महिनाभर भाड्याने घेत आणि दिवाळी झाली की सोडून देत. जितके चालवले तितक्याचेच भाडे. क्लाउडचे मूळ तत्त्व हेच. गरज वाढली की यंत्रे जास्त घ्यावीत, ओसरली की परत करावीत. आणि पूर्वी ज्या गोष्टीस महिना लागे तिला आता काही मिनिटे लागतात.

भाड्याचे प्रकार तीन. पहिल्यात नुसते माग मिळतात. सूत आपले, विणकर आपला, काम कसे चालवायचे ते आपण पाहायचे. दुसऱ्यात मागाबरोबर तो दुरुस्त ठेवणारा जॉबर, देखभाल, सर्व त्यांचे. आपण फक्त आपले डिझाईन घेऊन जायचे. तिसऱ्यात आपण काहीच न्यायचे नाही. विणलेली चादर तयार असते, ती पांघरायची. आपण सर्वजण जो ई-मेल वापरतो, तो या तिसऱ्या प्रकारचा. बाईंनी हे सांगितले तेव्हा मी वीस वर्षे क्लाउडची चादर पांघरत होतो असे निष्पन्न झाले, आणि मला ते आवडले नाही.

“आणि ही शेड कोणाची एकट्याची आहे काय?” मी विचारले.

“नाही. एकेका यंत्रात भाडेकरू पुष्कळ असतात. मध्ये भिंती असतात, पण विटांच्या नव्हे. प्रोग्रॅमच्या.”

“सहभाडेकरूंची नावे?”

“ती कुणालाच कळत नाहीत. त्यांनाही आपण कळत नाही.”

“म्हणजे भिंतीपलीकडे कोण राहतो हे ठाऊक नसताना मी ‘अ’ वर्गाचे दफ्तर तेथे ठेवावे.”

“बँकेत तुमच्या लॉकरशेजारी कुणाचा लॉकर आहे, हे तुम्ही विचारता का साहेब?”

“विचारले होते,” मी म्हणालो. “बँकेने उत्तर दिलेले नाही. ते प्रकरण निराळे आहे.”

कागदाच्या प्रतींबाबत तर आमचे दोन दिवस गेले. एक शेड जळाली तरी काम अडू नये म्हणून प्रत्येक कागदाच्या प्रती निरनिराळ्या ठिकाणी ठेवतात, असे त्यांनी सांगितले. त्यांपैकी मूळ प्रत कोणती, असे मी विचारले. ‘सगळ्याच,’ त्या म्हणाल्या. सगळ्याच मूळ असतील तर साक्षांकित कोणी कोणास करावे, याचे उत्तर मला अद्याप मिळालेले नाही. मी करारनाम्याची सर्व पाने वाचली आणि अकरा हरकती क्लाउड कंपनीस लिहून पाठवल्या. पत्त्याअभावी त्या ई-मेलने पाठवाव्या लागल्या. दुसऱ्याच क्षणी उत्तर आले: आपला संदेश मिळाला, आपण आम्हांस महत्त्वाचे आहात, कृपया या पत्त्यावर उत्तर पाठवू नये.

मी निनावी पत्रे पाहिली आहेत. धमकीची पत्रे पाहिली आहेत. परंतु ज्यास उत्तर देण्यास पत्रातच मनाई आहे असे पत्र मी प्रथमच पाहिले. मी त्यास उत्तर पाठवले. ते परत आले.

आता ज्या आदेशामुळे पुढील सर्व प्रसंग ओढवला त्याकडे वळतो. क्लाउडला नियम घालून देता येतो: अमुक प्रकारचा कागद अमुक मुदतीनंतर आपोआप पुसावा. हे ऐकून मला किती समाधान झाले ते जिन्याखालची पोती पाहिलेल्या माणसासच समजेल. मी लगोलग श्रीलताबाईंना बारा मुद्द्यांचे पत्र दिले. ‘ड’ वर्ग, बरोबर एक वर्षानंतर, नष्ट.

“साहेब, तिथं जागा भरपूर आहे,” त्या म्हणाल्या. “राहू द्या की पडून.”

“जागा आहे म्हणून कागद ठेवणे, यास अभिलेख व्यवस्थापन म्हणत नाहीत. भंगाराचे दुकान म्हणतात.”

“मग निदान पुसल्यावर तीस दिवस कचरापेटीत राहू दे. चूक झाली तर परत काढता येतंय.”

चूक होणार नाही असे मी सांगितले; परंतु बाई हटेनात, तेव्हा मी पत्र सुधारून तीस दिवस मान्य केले, अटींसह. कचरापेटीतून कागद परत काढावयाचा, किंवा मुदत वाढवावयाची, तर दोन अधिकाऱ्यांची संमती हवी. एक मी, दुसरे शिवानंदशेठ. दोघांच्या मोबाईलवर सहा-सहा अंक येतील, ते दोन मिनिटांच्या आत भरले तरच पेटी उघडेल. सेवा संस्थेच्या कर्मचाऱ्यास हा अधिकार कोणत्याही सबबीवर असू नये. आणि अंतिम नाश कार्यालयीन वेळेतच, म्हणजे सायंकाळी साडेपाचच्या ठोक्यास व्हावा. कारण कार्यालय बंद असताना अभिलेख नष्ट करणे संशयास्पद दिसते. बाईंनी सारे मुद्दे निमूटपणे अमलात आणले.

आमच्या डिझाईन विभागात नरसय्या मास्तर होते. चादरीवरची नक्षी प्रथम चौकटींच्या कागदावर काढतात. एक चौकोन म्हणजे एक धागा. तो भरायचा की मोकळा ठेवायचा यावरून मागाला कळते की धागा वर घ्यायचा की खाली. आता हे काम संगणकावर करतात, परंतु मास्तर आधी कागदावरच चौकोन भरीत, आणि मनासारखे झाले की मगच संगणकाकडे वळत. माणूस अबोल. मला एकदा म्हणाले होते, “साहेब, तुमी ओळी भरता, मी चौकोन भरतो. दोघांच्या बी पाठीला बाक आला.”

त्यांची अंतिम डिझाईने ‘अ’ वर्गात जात. कच्चे कागद मी ‘ड’ वर्गात घेत असे. स्कॅन झाल्यावर ते मूळ कागद पुठ्ठ्याच्या कारखान्यातील लगद्याच्या हौदात माझ्यासमक्ष टाकले जात, कारण शिपायावर माझा विश्वास उरला नव्हता. क्लाउडवरची प्रत वर्षभर राही आणि मग पुसली जाई. अठ्ठावीस वर्षांत प्रथमच माझा आदेश, मी लिहिला तसा, मी लिहिला त्या दिवशी, कोणतीही सबब न सांगता पाळला जात होता. मी काही महिने फार आनंदात होतो.

निवृत्तीस काही महिने उरले असताना एका दुपारी शिवानंदशेठच्या टेबलावर एक वकिलाची नोटीस मला दिसली. शेठ स्वतः सकाळीच मोडनिंबला लग्नास गेले होते आणि जाताना ‘टेबलावर काहीतरी आलंय, बघा’ असे म्हणून गेले होते. ते काहीतरी आठ दिवसांपूर्वीच आले होते. परगावच्या एका व्यापाऱ्याचे म्हणणे असे, की ज्वारीच्या कणसांची किनार असलेली चादर त्यांनी एका प्रदर्शनात मांडली होती, आणि आमच्या कारखान्याने तिची हुबेहूब नक्कल केली आहे. उत्पादन थांबवावे, आणि नक्कल करणाऱ्या इसमाचे नाव कळवून त्याची लेखी माफी पाठवावी. उत्तरास मुदत पंधरा दिवस.

ती किनार नरसय्यांची होती. मी त्यांना बोलावले. त्यांनी नोटीस हातात घेतली, मराठी सावकाश वाचली आणि एका शब्दावर थांबले.

“नक्कल म्हंजे चोरीच की साहेब.”

“कायद्यात दोहोंत फरक आहे.”

“कायद्यात आसंल. माझ्या गल्लीत न्हाई.” मग ते म्हणाले, “फाटकावर वॉचमननं चिमण्यांसाठी कणसं बांधली होती. मंद्रूपच्या बाजारातनं आणलेली. चिमणी बसली की कणीस वाकायचं. ते वाकणं धरायला मी तीन कागद घातले. दोन महिन्यांत मी रिटायर व्हतोय. आता चोर म्हणून घरी जाऊ का?”

मी दफ्तर पाहिले. अंतिम डिझाईन ‘अ’ वर्गात सुरक्षित होते, आणि त्याची तारीख प्रदर्शनाच्या तीन आठवडे नंतरची होती. म्हणजे आमचाच कायम जतन केलेला कागद आमच्याविरुद्ध साक्ष देत होता. प्रदर्शनापूर्वीचे जे काही होते ते त्या तीन कच्च्या कागदांवर होते. आवक नोंदवहीत ‘कच्चे आलेख, नग तीन’ अशी नोंद होती. त्या तीन नगांवर कणीस होते की कमळ, हे नोंदवही सांगत नव्हती. कागद हौदात गेले होते. क्लाउडवरच्या प्रती वर्ष संपताच, माझ्या आदेशाप्रमाणे, पुसल्या गेल्या होत्या.

श्रीलताबाई त्या दिवशी मासिक तपासणीसाठी आल्याच होत्या. त्यांनी संगणकावर पाहिले आणि तारखा बोटांवर मोजल्या.

“कचरापेटीत आहेत साहेब. पण आज तिसावा दिवस आहे.”

घड्याळात पावणेदोन वाजले होते.

“बाहेर काढा.”

“माझ्या हातात नाही. तुमच्या पत्रातला सातवा मुद्दा. कोणत्याही सबबीवर.”

“मुदत वाढवा.”

“त्यालाही दोघांचे अंक लागतात. आठवा मुद्दा.”

शिवानंदशेठना फोन केला. वाजत राहिला. दहा वेळा केला, दहाही वेळा वाजत राहिला. लग्नात सनई आणि बँड एकाच वेळी चालू असताना खिशातला मोबाईल ऐकू यावा, ही अपेक्षा मलाही करता येईना. शेवटी बाईंनी संगणक बॅगेत घातला आणि गाडीची किल्ली घेतली. मी पुढे बसलो, नरसय्या मागे.

मोडनिंब महामार्गावर आहे; शहर ओलांडून तासाभराहून थोडा अधिक रस्ता. वाटेत बाईंनी मला एक गोष्ट सांगितली, जी करारनाम्यात मी वाचली होती पण मला समजली नव्हती. क्लाउडमध्ये जबाबदारी वाटून घेतलेली असते. इमारत, पहारा, वीज, यंत्रे ही त्यांची जबाबदारी. कपाटात काय ठेवायचे, किल्ली कोणाला द्यायची आणि काय फेकायचे, ही आपली. ते आपले सामान हरवत नाहीत. आपण फेका म्हटले तर मात्र ते विचारत बसत नाहीत.

“त्यांनी एकदा विचारावयास हवे होते,” मी म्हणालो.

“मी विचारलं होतं साहेब.”

मागून नरसय्या म्हणाले, “जिन्याखालची पोती बरी होती.” टोलनाक्यावर मी पावती मागितली, यंत्रात कागद संपलेला होता, आणि तो घालीपर्यंत मी थांबणार असे म्हणालो, तेव्हा बाईंनी माझ्या परवानगीवाचून गाडी पुढे काढली.

मोडनिंबमध्ये एका पानटपरीवर लग्नाचा मांडव विचारला.

“लगीन कुणाचं?” टपरीवाले आजोबा म्हणाले. “हितं आज तीन हायती.”

“सोलापूरचे कारखानदार आले आहेत तेथले.”

“व्हय, पर कारखानदार तिन्हीकडं आल्याती.”

पहिल्या मांडवात आम्हांस अक्षता देण्यात आल्या. दुसऱ्यात कोणी ओळखीचे नव्हते, तरी ‘जेवून जावा’ असा आग्रह झाला. तिसऱ्यात शिवानंदशेठ सापडले. ते व्यासपीठावर फेटा बांधून बसले होते आणि मानपान चालले होते. आमच्याकडे लग्नात मानाच्या पाहुण्यास टॉवेल-टोपी देतात. टॉवेलच्या कारखानदारास टॉवेल देण्यात येत होता, आणि शेठ तो उलगडून त्याची शिलाई अंगठ्याने चाचपीत होते.

“आपला माल नाही हा,” मला पाहताच ते म्हणाले. मग भानावर आले. “साहेब, तुम्ही इथं? जेवलात का?”

मी प्रकरण थोडक्यात मांडू लागलो. परंतु मी अधिकारी आहे असे यजमानांना कोणीतरी सांगितले, आणि मला, श्रीलताबाईंना आणि नरसय्यांना ओळीने बसवून आमचाही मानपान सुरू झाला. नकार देणे शक्य नव्हते. टोपी डोक्यावर येण्यापूर्वी उठणे हा अपमान ठरतो. चार वाजून पंचवीस मिनिटे झाली. नरसय्या टॉवेलकडे पाहून म्हणाले, “किनार बरी हाय.”

शेठचा मोबाईल त्यांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या, पर्समध्ये होता. वहिनी पंगतीला बसल्या होत्या. पंगत सुरू झाली की सर्वांचे जेवण आटोपल्यावाचून कोणी उठत नाही. शेठनी पाठीमागून वाकून पर्स मागितली.

“आत्ता? जिलेबी यायचीय अजून,” वहिनी म्हणाल्या.

“तू उठू नको. पर्स फक्त दे.”

“उष्ट्या हातानं?”

शेवटी शेजारणीने, तिचा डावा हात मोकळा होता म्हणून, पर्स ओढून दिली. मोबाईल मिळाला, पण त्या पत्र्याच्या मांडवात बाईंच्या संगणकास इंटरनेट मिळेना. आम्ही चौघे मंगल कार्यालयाच्या गच्चीवर गेलो. तेथे स्वयंपाक चालला होता. बाईंनी एका झाकलेल्या पातेल्यावर संगणक ठेवला.

“ताई, त्येच्यावर नगा ठिवू,” आचारी म्हणाला. “खाली शिरा हाय. गरम हाय.”

संगणक पाण्याच्या टाकीवर नेला. पाच वाजले होते. बाईंनी अंक मागवले. माझ्या मोबाईलवर संदेश आला, आणि कोणताही संदेश मी पूर्ण वाचल्याशिवाय राहत नाही.

“अंक सांगा साहेब.”

“यात असे लिहिले आहे की हे अंक कोणासही सांगू नयेत.”

“मी क्लाउडच्याच कामाला आले आहे की.”

“कोणासही, असे लिहिले आहे. अपवाद दिलेला नाही. मी स्वतः भरतो.”

मी चष्मा काढला, पुसला, लावला, आणि एका बोटाने भरावयास घेतले. चौथ्या अंकावर दोन मिनिटे संपली. शिवानंदशेठ फेट्यातून घाम पुसत होते. नरसय्या कठड्याला टेकून माझ्या बोटाकडे पाहत होते, आणि त्या नजरेसमोर मला माझ्या बारा मुद्द्यांपैकी एकही मुद्दा उभा करता येईना. नवे अंक आले तेव्हा मी मोबाईल श्रीलताबाईंच्या हातात दिला. नोकरीत एखादी लेखी सूचना मी जाणूनबुजून मोडली, ती एवढीच.

पाच वाजून सोळा मिनिटांनी तिन्ही कागद परत आले.

पहिल्यावर कणीस ताठ होते. दुसऱ्यावर ते वाकले होते, पण काठीसारखे. तिसऱ्यावर ते नुकती चिमणी बसल्यासारखे वाकले होते. शेठ म्हणाले, “हेच की ते.” बाईंनी मात्र फाईलच्या तारखेवर बोट ठेवले. परत काढलेल्या प्रतीवर आजची तारीख पडली होती. मूळ तारीख क्लाउडच्या नोंदीत असते आणि ती छापून काढता येते, असे त्या म्हणाल्या. विरुद्ध बाजूचे वकील यंत्राच्या तारखेवर शंका घेतल्यावाचून राहणार नाहीत, असे मी म्हणालो. मी असतो तर घेतली असती.

तेव्हा शेठनी चित्र मोठे केले. तिसऱ्या कागदाच्या कोपऱ्यात तांबडी शाई होती. स्कॅन करण्यापूर्वी प्रत्येक कागदावर मी शेरा मारीत असे. हजारो मारले असतील. एखादा आठवत राहण्याचे कारण नव्हते. आवक क्रमांक, गोल शिक्का, प्रदर्शनाच्या दोन महिने आधीची तारीख, माझी पूर्ण स्वाक्षरी, आणि त्यावर माझ्याच वळणदार अक्षरात: ‘निरुपयोगी कागद. वर्ग ड. नष्ट करावा.’

तो क्रमांक नोंदवहीशी जुळणार होता, तारीख जुळणार होती, स्वाक्षरी मी न्यायालयात शपथेवर ओळखली असती. मास्तर कधीच कागदावर तारीख घालीत नसत. ते कणीस त्या दिवशी अस्तित्वात होते याचा निर्विवाद पुरावा जगात एकच होता: मी ते नष्ट करावयास सांगितले होते.

नरसय्यांनी तो शेरा सावकाश वाचला. खाली बँड थांबला होता, त्यामुळे त्यांनी पहिला शब्द हलक्या आवाजात उच्चारला तरी तो आम्हां सर्वांना ऐकू गेला. शिवानंदशेठनी एकदम आचाऱ्यास शिऱ्याबद्दल काहीतरी विचारले.

नोटिशीस मी चार पानांचे उत्तर दिले. संगणकावरील अभिलेख पुरावा म्हणून देताना जे प्रमाणपत्र जोडावे लागते, ते श्रीलताबाईंनी सही करून दिले. काही दिवसांनी समोरच्या वकिलांचे दोन ओळींचे पत्र आले: पक्षकार आपली नोटीस मागे घेत आहेत. दिलगिरीचा एक शब्द नव्हता. त्याबाबत मी त्यांना तीन स्मरणपत्रे पाठवली आहेत. क्लाउडवरील ‘ड’ वर्गाचा नियमही मी लेखी आदेशाने रद्द केला, आणि त्या आदेशात कारण म्हणून माझेच नाव घातले.

नरसय्या मास्तरांच्या नोकरीचा शेवटचा दिवस आला. शाल, नारळ, चार भाषणे झाली. नंतर ते दफ्तरात आले. श्रीलताबाई तेथे होत्या.

“साहेब, त्या कणसाच्या कागदाची एक प्रत मिळंल का?”

मी छापून, साक्षांकित करून दिली. त्यांनी ती पाहिली.

“ह्यातलं निरुपयोगी तेवढं खोडून द्या की. घरी लावायचा हाय.”

“अभिलेखात खाडाखोड करता येत नाही. तो गुन्हा आहे.”

“मग ऱ्हाऊ द्या,” ते म्हणाले आणि उठले.

मी त्यांना बसावयास सांगितले. कोरा कागद घेतला आणि शुद्धिपत्र लिहिले. आयुष्यात मी इतरांकडून पुष्कळ शुद्धिपत्रे मागितली. स्वतः लिहिलेले हे पहिले. ‘वरील आवक क्रमांकाच्या कागदावरील “निरुपयोगी” हा शेरा निम्नस्वाक्षरीकाराच्या आकलनातील चुकीमुळे मारला गेला आहे. तो रद्द समजावा. वर्ग “ड” ऐवजी वर्ग “अ” असे वाचावे.’ तारीख, शिक्का, स्वाक्षरी. श्रीलताबाईंनी ते त्यांना तेलुगूत समजावून सांगितले. ते वाक्य तेलुगूत माझ्या मराठीहून बरेच लांब झाले, आणि त्यांनी मध्ये काय घातले ते मी विचारले नाही.

“अ म्हंजे?” नरसय्यांनी मला विचारले.

“कायम.”

त्यांनी दोन्ही कागद एकावर एक ठेवले. बाईंनी शुद्धिपत्र स्कॅन करून क्लाउडवर ठेवू का, असे विचारले. मास्तरांनी मान हलवून नको म्हटले, कागदांची घडी न करता गुंडाळी केली, डब्याच्या पिशवीत उभी घातली आणि सायकल स्टँडकडे गेले.

‘अ’ वर्गाचा कोणताही मूळ कागद, आणि त्याचे शुद्धिपत्रही, अधीक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय फाटकाबाहेर नेता येत नाही. नियम माझाच आहे. फाटकावर वॉचमनने पिशवीतून वर आलेली गुंडाळी पाहिली, सायकल थांबवली आणि माझ्या खिडकीकडे मान वर करून पाहिले. मी खिडकी लावून घेतली.